अन्नमार्गाची रचना आणि कार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पचन म्हटले की बहुतेकांना जठर आठवते. आम्ल तिथे, जळजळ तिथली, पोट भरल्याची जाणीवही तिथलीच. पण पचनाचा मोठा भाग आणि जवळजवळ सगळे शोषण त्याच्या पुढच्या लहान आतड्यात होते, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. म्हणून खालच्या उत्तरांत लहान आतड्याला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

अन्नमार्ग आणि पचनसंस्था एकच का?

नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, गुदाशय आणि गुदद्वार ही सलग नळी म्हणजे अन्नमार्ग. लाळग्रंथी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांच्यातून अन्न कधीच जात नाही. हे अवयव आपापले रस नलिकांमधून त्या मार्गात सोडतात. नळी आणि हे मदतनीस अवयव मिळून पचनसंस्था होते.

गिळलेले अन्न शरीराच्या आत गेले असे म्हणता येईल का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. ही नळी दोन्ही टोकांना उघडी आहे, त्यामुळे तिच्या पोकळीत असलेली वस्तू अजून बाहेरच्या जगातली असते. चुकून गिळलेली फळाची बी तोंडातून जाते, गुदद्वारातून बाहेर पडते आणि मधल्या प्रवासात एकाही पेशीत शिरत नाही. अन्नाचेही तसेच आहे. आतड्याचे अस्तर ओलांडून ते रक्तात किंवा लसिकेत (ऊतींमधून वाहणाऱ्या फिकट द्रवात) पोचले तरच ते आपले झाले.

पुढची सगळी उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत. अन्नाचे अस्तर ओलांडता येईल इतके बारीक रेणू करणे म्हणजे पचन, आणि ते ओलांडणे म्हणजे शोषण. नको ते पलीकडे जाऊ न देणे हे तिसरे काम. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीत तळ ठोकून असतो, तो याच तिसऱ्या कामासाठी.

अन्नमार्ग किती लांब असतो?

पुस्तकांत ९ मीटरच्या आसपासचा आकडा दिसतो. तो मृतदेहावर मोजलेला आहे. मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात आणि आतडे लांबते. जिवंत माणसाचे लहान आतडे साधारण ३ ते ५ मीटर भरते, मृतदेहात तेच ६ ते ७ मीटर होते. माणसामाणसांतही बराच फरक असतो. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर. मोठे आतडे लांबीने कमी असूनही ‘मोठे’ ठरते ते रुंदीमुळे.

या नळीची भिंत कशाची बनलेली असते?

अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंत आराखडा एकच आहे. सर्वांत आत श्लेष्मल अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंनी भरलेला मऊ थर, त्याबाहेर स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. स्नायूंचे दोन पदर असतात. आतले तंतू नळीभोवती गोल फिरतात, बाहेरचे नळीच्या लांबीने जातात. गोल तंतू आवळले की नळी अरुंद होते, लांब तंतू आवळले की आखूड होते. दोन्ही ठरावीक क्रमाने आवळत गेले की अन्न पुढे सरकते. याला क्रमसंकोच म्हणतात. जठराला या दोहोंशिवाय तिरप्या तंतूंचा तिसरा पदर मिळाला आहे, कारण त्याला अन्न नुसते ढकलायचे नसते, घुसळायचेही असते.

पचन तोंडातच सुरू होते हे खरे का?

हो. दिवसाला एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातले अमायलेज हे विकर (अन्नाचे रेणू तोडणारे प्रथिन) स्टार्च तोडू लागते. पिठूळ पदार्थ बराच वेळ चावत राहिला की किंचित गोड लागतो, तो यामुळेच. पण घास तोंडात थोडाच वेळ असतो आणि जठरातल्या आम्लात अमायलेज निकामी होते, त्यामुळे तोंडातले रासायनिक पचन तसे तोकडेच. तोंडाचे खरे मोल चावण्यात आहे. घासाचे जितके बारीक तुकडे, तितका पुढच्या विकरांना जास्त पृष्ठभाग मिळतो. नीट चावून खा, हा सल्ला शरीररचनेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

घास श्वासनलिकेत का जात नाही?

घशात हवा आणि अन्न यांचे रस्ते एकमेकांना ओलांडतात. गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावर झाकण येते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास थांबतो. मऊ टाळू वर जाऊन नाकाकडची वाटही बंद करते. हे सारे एका सेकंदाच्या आसपास उरकते. गिळायला सुरुवात करणे आपल्या हातात असते, पण घास घशात पोचल्यावर मेंदूचा तळभाग सूत्रे हाती घेतो आणि मग थांबवता येत नाही. पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना गिळताना ठसका लागतो, कारण हा ताळमेळ बिघडलेला असतो.

डोके खाली, पाय वर असताना गिळता येते का?

येते. घास अन्ननलिकेतून पडत नाही, स्नायू तो ढकलतात. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत जेवू शकतात, तेही याच कारणाने. उभ्या स्थितीत गुरुत्वाकर्षणाची मदत होते, विशेषतः पातळ पदार्थांना.

मग जठराचे नेमके काम काय?

साठवणे, घुसळणे, आम्लाने बरेचसे जंतू मारणे, प्रथिनांचे पचन सुरू करणे आणि तयार झालेला पातळ लगदा थोडाथोडा पुढे सोडणे. यांतले शेवटचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रिकाम्या जठराची पोकळी अगदी लहान असते, जेवताना ते एक ते दीड लिटर सहज सामावून घेते, आणि मग काही तास एका अरुंद दारातून तो ऐवज लहान आतड्याकडे जात राहतो. हे नियंत्रण गेले तर लहान आतड्यावर अन्न एकदम आदळते आणि घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. जठराच्या काही शस्त्रक्रियांनंतर हा त्रास दिसतो.

जठरात काय चालते हे प्रथम नीट कळले ते एका अपघातामुळे. १८२२मध्ये उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरचे भोक बुजले नाही आणि जठर बाहेरून उघडे राहिले. लष्करी शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमॉन्ट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर काढून निरीक्षणे केली. जठररस बाटलीत घेऊन शरीराइतका उबदार ठेवला तर अन्न तिथेही विरघळते, हे त्यांनी दाखवले. पचन ही रासायनिक क्रिया आहे याचा इतका ठोस पुरावा आधी नव्हता. त्यांचे पुस्तक १८३३मध्ये आले. सेंट मार्टिन गरीब होता, वर्षानुवर्षे हे प्रयोग सोसत राहिला, आणि पुस्तकावर नाव मात्र ब्यूमॉन्ट यांचे. पचनाच्या अभ्यासात त्याचे नाव तितक्याच आदराने घेतले जायला हवे.

जठरातले आम्ल जठरालाच का खात नाही?

जठररसाचा सामू (pH, जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो, म्हणजे तो खरोखरच तीव्र आहे. बचाव अनेक पदरी आहे. अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुरलेले असते, त्यामुळे पेशींपर्यंत पोचेतो आम्ल बरेचसे उदासीन झालेले असते. पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन पेशींमधून निष्क्रिय रूपात बाहेर पडते, आम्लात आल्यावरच ते कामाला लागते.

हा बचाव ढासळला की अल्सर होतो. ताणतणाव आणि तिखट खाणे हेच त्याचे कारण, असे अनेक दशके मानले जात होते. ऑस्ट्रेलियाचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू दोषी असल्याचे मांडले, तेव्हा फारसे कुणाला पटले नाही. १९८४मध्ये मार्शल यांनी त्या जीवाणूंचे द्रावण स्वतः प्याले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. दोघांना २००५चे नोबेल मिळाले. आज बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हा जीवाणू किंवा दीर्घकाळ घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात, आणि जीवाणूमुळे झालेला अल्सर प्रतिजैविकांनी बरा होतो.

छातीत जळजळ होते ती कुठे?

अन्ननलिकेच्या खालच्या भागात. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा गोल स्नायू सैल पडला की आम्ल वर येते आणि अन्ननलिकेच्या अस्तराला जठरासारखे श्लेष्माचे कवच नसते. जेवून लगेच आडवे होणे, लठ्ठपणा, गरोदरपण आणि तंबाखू यांनी त्रास वाढतो. हृदयाला कुठलाही धोका नसताना छाती जळू शकते. पण छातीत दडपण असेल, दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल तर ती आम्लता आहे असे गृहीत धरू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

लहान आतडे असे काय करते, की त्याला एवढे महत्त्व?

इथे तीन प्रवाह एकत्र येतात. जठराकडून आम्लयुक्त लगदा, यकृताकडून पित्तरस आणि स्वादुपिंडाकडून विकरांनी भरलेला रस. स्वादुपिंडाच्या रसातल्या बायकार्बोनेटमुळे आम्ल शमते. मग विकरे कामाला लागतात. अमायलेज उरलेला स्टार्च तोडते, ट्रिप्सिन प्रथिने तोडते, लायपेज मेद तोडते.

यातली ट्रिप्सिनची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. स्वादुपिंडात ते निष्क्रिय असते, आणि त्याला जागे करणारे विकर फक्त लहान आतड्याच्या अस्तरावर असते. म्हणजे जागेवर पोचेपर्यंत ते निरुपद्रवी राहते. ते स्वादुपिंडातच जागे झाले तर तो अवयव स्वतःला पचवू लागतो. तीव्र स्वादुपिंडदाह इतका वेदनादायी आणि धोकादायक असतो, तो यामुळे.

शेवटची तोडणी मात्र पोकळीत नव्हे, अस्तरावरच होते. दोन शर्करांची जोडी फोडणारी विकरे पेशींच्या काठावरच बसवलेली असतात, त्यामुळे ग्लुकोज सुटते आणि लगोलग आत घेतले जाते. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये मांडले, की ग्लुकोज एकटे जात नाही, सोडियमच्या जोडीने पेशीत शिरते आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबातही ही जोडवाट शाबूत राहते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी जुलाबाच्या रुग्णाला वाचवते त्यामागे हीच रचना आहे. नुसते पाणी किंवा नुसते मीठ ते काम करू शकत नाही. लहान आतड्याच्या एका बारीक तपशिलाने जगभर असंख्य बालकांचे प्राण वाचवले आहेत.

लहान आतडे पसरले तर टेनिसचे मैदान व्यापेल, हे खरे का?

हा जुना आकडा आता टिकत नाही. २०१४मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाच्या मोजमापांवरून नव्याने हिशेब केला, तेव्हा संपूर्ण अन्नमार्गाच्या अस्तराचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर आले. एका नळीत इतकी जागा मावते हेही काही कमी नाही.

ती मावते तीन पातळ्यांवरच्या घड्यांमुळे. अस्तराला डोळ्यांनी दिसणाऱ्या आडव्या वळ्या असतात. त्या वळ्यांवर मखमलीच्या लवीसारखे, अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे रसांकुर असतात. आणि रसांकुरावरच्या प्रत्येक पेशीच्या टोकाला त्याहून कितीतरी सूक्ष्म असे हजारो उंचवटे असतात. या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडतात आणि नव्या येतात. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या सिलिॲक आजारात रसांकुर सपाट होतात. मग माणूस पोटभर खातो आणि तरीही कुपोषित राहतो.

स्वादुपिंडाला कसे कळते, की आता रस सोडायचा?

चेतातंतूंच्या मार्फत, असे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी मानत. १९०२मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या सगळ्या चेता तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. स्वादुपिंडाने तरीही रस सोडला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. आतड्याच्या अस्तरातून निघणाऱ्या त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले. माणसाने ओळखलेले हे पहिले संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन. संप्रेरकांचे सारे शास्त्र लहान आतड्यापासून सुरू झाले, हे मधुमेह किंवा थायरॉइडबद्दल वाचणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. चेतांचाही वाटा असतोच, पावलोव्ह पूर्ण चुकीचे नव्हते.

मेद पाण्यात विरघळत नाही, मग तो पचतो कसा?

पित्तातले क्षार मेदाच्या मोठ्या थेंबांचे अगदी बारीक थेंब करतात, म्हणजे लायपेजला धरायला जागा मिळते. पित्तात स्वतःचे मेद तोडणारे विकर नसते. पुढचा प्रवासही वेगळा आहे. शर्करा आणि अमिनो आम्ले रक्तात जातात आणि प्रतिहारी शिरेतून आधी यकृतात पोचतात. बहुतेक मेद लसिकावाहिन्यांत शिरतो, छातीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या तळाशी रक्तात मिसळतो. म्हणजे तो यकृताला वळसा घालून जातो.

पित्तक्षार शरीर वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, शेषांत्रात, त्यांचा बहुतांश परत शोषला जातो आणि दिवसातून अनेक वेळा तेच क्षार पुन्हा वापरले जातात.

मोठ्यांना दूध का पचत नाही?

दुधातली लॅक्टोज शर्करा फोडणारे लॅक्टेज बालपणानंतर बहुतेक माणसांत कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत असे घडते. त्यामुळे हा आजार मानण्यापेक्षा माणसाची सर्वसाधारण घडण मानणे अधिक बरोबर. न फुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, जीवाणू ते आंबवतात, वायू होतो आणि पोट फुगते.

मोठे आतडे फक्त मल साठवते का?

नाही. रोज सुमारे ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातले साधारण २ लिटर आपण खाल्लेले-प्यालेले असते, बाकीचे शरीराचेच रस. लहान आतडे त्यातला बहुतेक भाग परत घेते, दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्याकडे जाते आणि शेवटी मलातून १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते.

जीवाणूंची वस्तीही मुख्यतः इथेच. शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हा जुना दावा २०१६मध्ये मागे पडला. नव्या अंदाजानुसार सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू, म्हणजे जवळपास बरोबरी. आपल्याला न पचलेला चोथा हे जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे हे आवडते इंधन. तंतुमय अन्न आपल्यासाठी निरुपयोगी नसते, ते जीवाणूंमार्फत आपल्याच पेशींना पोसते.

अपेंडिक्स निरुपयोगी आहे का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. त्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक ऊती भरपूर असते, आणि जुलाबानंतर उपयुक्त जीवाणू तिथून पुन्हा पसरत असावेत असे एक गृहीतक आहे. मात्र काढून टाकल्याने बहुतेकांचे काही अडत नाही, त्यामुळे सुजलेले अपेंडिक्स वाचवण्याचा हट्ट धरू नये.

रिकाम्या पोटी गुडगुड का होते?

उपाशी असताना दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जोरदार आकुंचने जातात. उरलेले कण, श्लेष्म आणि जीवाणू पुढे झाडून नेणे हे त्यांचे काम. हवा आणि द्रव हलल्याचा तो आवाज. सतत काहीतरी खात राहिले की ही सफाई थांबते.

पोटाला स्वतःचा मेंदू असतो का?

अन्नमार्गाच्या भिंतीत १० कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे आहे. मेंदूकडून येणाऱ्या चेता तोडल्या तरी आतडे अन्न पुढे ढकलत राहते. शरीरातले सुमारे ९० टक्के सिरोटोनिनही इथेच असते. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे ‘आनंदाचे रसायन पोटात बनते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. हे जाळे विचार करत नाही. मेंदूशी त्याचा संवाद मात्र दोन्ही दिशांनी आणि सतत चालतो. परीक्षेआधी पोट बिघडते ते काल्पनिक नसते.

जेवताना पाणी प्यायल्याने पचन मंदावते का?

नाही. जठर गरजेप्रमाणे आम्ल सोडत राहते.

रोज शौचाला झाले नाही तर काळजी करावी का?

दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळे सामान्य धरले जाते. स्वतःच्या नेहमीच्या सवयीत बदल झाला आणि तो टिकून राहिला तर लक्ष द्यावे. मलात रक्त, डांबरासारखा काळा मल, फिकट पांढरट मल, गिळताना अडकणे, कारण नसताना वजन घटणे, यांतले काहीही दिसले तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे. संकोचापायी गेलेले महिने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फार महाग पडतात.

पचनसंस्थेचा कोणता भाग काढला तरी माणूस जगू शकतो?

पित्ताशय काढले तर पित्त थेट आतड्यात ठिबकत राहते आणि बहुतेकांचे पचन नीट चालते. पूर्ण जठरही काढता येते. झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी १८९७मध्ये अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. अशा रुग्णाला थोडेथोडे, अनेकदा खावे लागते आणि जीवनसत्त्व बी-१२ जन्मभर बाहेरून घ्यावे लागते, कारण ते शोषण्यासाठी लागणारे एक प्रथिन जठरात तयार होते. मोठे आतडे काढल्यावर मल पातळ राहतो, पाणी आणि क्षार सांभाळावे लागतात, पण आयुष्य चालते.

लहान आतड्याबाबत तसे नाही. प्रौढात ते २ मीटरपेक्षा कमी उरले तर पोषण अपुरे पडू लागते आणि फारच थोडे उरले तर शिरेतून पोषण द्यावे लागते. उरलेला भाग पुढची एक-दोन वर्षे स्वतःला बदलत राहतो. रसांकुर उंच होतात, आतडे रुंदावते, शोषण वाढते. कोणता भाग गेला यावरही बरेच अवलंबून असते. मध्यांत्र, म्हणजे लहान आतड्याचा मधला भाग, गेले तर शेषांत्र त्याचे बहुतेक काम उचलते. शेषांत्र गेले तर बी-१२ आणि पित्तक्षार परत घेण्याचे काम दुसरा कोणताही भाग करू शकत नाही.